ब्रूनोचं अर्धं तिकीट

रविवारी आम्ही पोहे खायला जमतो त्या ओटल्यावर कुत्र्यांचा विषय बंद होता. दिल्ली परिसरातले भटके कुत्रे उचला म्हणणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या 11 ऑगस्ट 2025 च्या निकालावरून एकदा आणि 22 तारखेला तो बदलला तेव्हा बाजू उलटून एकदा, असं आमचं दोनदा भांडण झालं होतं. त्यानंतर मध्या तीन रविवार फिरकलाच नाही. चौथ्या रविवारी आला तो पार त्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून जलेबी खात बसला. तेव्हा बापूने जाहीर केलं की यापुढे इथे फक्त माणसांवर बोलायचं.

पण सुहास मुलाकडे व्हिएन्नाला राहून परतला आणि ब्रूनोला घेऊनच आला. म्हणजे ब्रूनोला घरून, स्वतः व्हिएन्नाहून. ब्रूनो लॅब्रॅडोर, 32 किलो. त्याच्या गळ्यात नवा पट्टा आणि सुहासच्या गळ्यात नवा मफलर. आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरात मफलर लागेल अशी थंडी अजून पडायची होती.

"तिकडे नं," सुहासने सुरू केलं. पोह्यांवर जीरावन मसाला टाकायचासुद्धा राहिला होता. "तिकडे नं, ट्राममध्ये कुत्र्याला अर्धं तिकीट असतं."

"म्हणजे पाच ते बारा वर्षांचं पोर," बापू म्हणाला. बापू रेल्वेच्या पार्सलमधून रिटायर झाला. जगात त्याला तीनच गोष्टी दिसतात: तिकीट, वजन आणि पावती.

"अरे ऐक तर. कॉफी हाऊसमध्ये टेबलाखाली कुत्रे बसलेले असतात. शांत! आम्ही गेलो तिथे वेटरने आधी कुत्र्याला पाणी आणलं, मग आम्हाला मेनू. याला म्हणतात डॉग-फ्रेंडली शहर. नाहीतर आपलं इंदूर. 2017 पासून स्वच्छतेत पहिलं, आणि ब्रूनोला छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत नेला की लोक असे बघतात जसा काही मी वाघ सोडलाय."

"मुसकं असतं का?" बापूने विचारलं.

"काय?"

"ट्राममध्ये. कुत्र्याच्या तोंडाला मुसकं?"

सुहास जरा घुटमळला. "असतं. पट्टा आणि मुसकं, नियमच आहे."

"मग अर्धं तिकीट रास्त आहे. तोंड बंद ठेवतो त्याला निम्म्यात न्यायला काय हरकत? तुला मात्र पूर्ण पडलं असेल."

इथे खरं म्हणजे विषय संपायचा. पण मध्या उभा राहिला. होळकरांचं नाव घ्यायचं असलं की त्याला बसून बोलता येत नाही.

"कुत्र्याची माया आता आम्हाला व्हिएन्नाने शिकवायची? राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे, खंडोबाच्या पायाशी कोण असतो? रायगडावर वाघ्याचा पुतळा 1936 मध्ये कुणाच्या पैशाने बसला? तुकोजीरावांच्या! 2011 मध्ये काहींनी उखडला तर परत बसवावा लागला. इंदूरचा पैसा आणि रायगडावर कुत्रा! दाखवा असं दुसरं शहर."

"वाघ्याचा एवढा अभिमान," बापू म्हणाला, "आणि फाटकावर निळ्या पाण्याच्या चार बाटल्या टांगल्यात त्या कुणासाठी? खंडोबा येऊ नये म्हणून?"

मध्या बसला. कुत्री लांब राहतात म्हणून लोक टांगतात तसल्या त्या बाटल्या मी पाहिल्या आहेत. चारपैकी दोन त्याने माझ्याकडूनच नेल्या, झाडांना पाणी घालायला हव्यात म्हणून.

तेवढ्यात वहिनी आल्या. त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे आणि रविवारी मंडीतून परतताना पाच मिनिटं टेकायचं म्हणून अर्धा तास टेकतात. त्यांनी पिशवी ठेवली, ब्रूनोकडे पाहिलं आणि मुद्दाम दोन हात लांब बसल्या.

"काही करत नाही हो तो," सुहास म्हणाला.

"सोनूसुद्धा काही करत नव्हती."

सोनू म्हणजे सुहासची आधीची, पॉमेरेनियन. वहिनींच्या पोटरीला चावली होती. पाच इंजेक्शनं झाली: 0, 3, 7, 14, 28, हे आकडे महिनाभर फ्रिजवर लावलेले होते. आणि सुहास तिसऱ्या दिवशी विचारपूस करायला गेला तो काय म्हणाला? सोनू दोन दिवस जेवली नाही, फार मनाला लावून घेतलंय तिने.

"वहिनी, 2009 ची गोष्ट आहे ती."

"माझ्या पोटरीला सालं कळत नाहीत."

यावर बापूने वहिनींसाठी स्वतःहून चहा सांगितला. अठ्ठावीस वर्षांत मी त्याला असं करताना पाहिलेलं नाही.

सुहास मात्र हटणारा नव्हता. त्याचं म्हणणं असं की माणसाने कुत्र्याला घेऊन हिंडलं पाहिजे, गावं दाखवली पाहिजेत. हॉटेलं, बागा, गाड्या सगळीकडे जागा हवी. त्यात चूक काही नाही, पण तो हे सगळं आपल्या मुलाने व्हिएन्ना बांधलं अशा थाटात सांगत होता. शेवटी म्हणाला, "आणि मी नेतोच ब्रूनोला. मुंबईला नाही का नेला, भाचीच्या लग्नाला?"

बापूने प्लेट खाली ठेवली. ही गोष्ट सांगायची त्याला कधीपासून संधी हवी होती.

"अवंतिका एक्स्प्रेसने. फर्स्ट एसी. कारण सेकंड, थर्डमध्ये कुत्रा चालत नाही. फर्स्टमध्येसुद्धा एक बर्थ घेऊन भागत नाही, दोनचा कूपे किंवा चारची केबिन अख्खी लागते. नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. बरं, कूपे मिळाला. मग कुत्र्याचं वजन करून लगेजची पावती फाडायची, म्हणून मी याच्याबरोबर गेलो. तिथे काट्याजवळ एक मोटरसायकल उभी, गोणपाटात गुंडाळलेली. ब्रूनोने तिला पाहिलं आणि काट्यावर चढायला नकार दिला. तर हा शहाणा स्वतः आधी काट्यावर चढला! 'देख बेटा, कुछ नहीं होता.' खिडकीतला बाबू म्हणतो, 'साहब, आपको भी लगेज में डालना है क्या?'"

"पुढचं नको सांगू," सुहास म्हणाला.

"पुढचंच सांगायचंय. बाबूने लसीकरणाचं कार्ड मागितलं. याने ऐटीत फाइल दिली. बाबू वाचतोय, वाचतोय, मान वर करून विचारतो, 'साहब, इसको खसरे का टीका किसने लगाया?' नातवाचं कार्ड! बीसीजी, पोलिओ, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. वर वजन, जन्मतः दोन किलो नऊशे."

वहिनींचा चहा बशीत सांडला. खरं पुस्तक बिचाऱ्या सुहासच्या बायकोने रिक्षा करून आणून दिलं, गाडी सुटायच्या वीस मिनिटं आधी. ती लग्नाच्या साडीत होती म्हणे, पण हे बापूने जोडलेलं असणार.

"हसा," सुहास म्हणाला. "पुढच्या वर्षी ब्रूनो व्हिएन्नाला येतोय. मुलाने सगळी माहिती काढलीय. मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग 30 दिवस थांबून रक्त काढायचं, ते त्यांच्या मान्य लॅबमध्ये पाठवायचं, आणि रक्त काढल्यापासून तीन महिने गेले की प्रवास."

"तुझ्या व्हिसाला काय मागितलं होतं?"

"बँकेचे कागद, विमा, मुलाचं पत्र."

"म्हणजे त्याचं रक्त तपासतात आणि तुझं पासबुक."

ओटल्याखाली कालू झोपला होता. कालू कुणाचाच नाही, म्हणजे पोहेवाल्याचा थोडा, बापूचा थोडा. त्याच्या एका कानाला त्रिकोणी खाच आहे. नसबंदी आणि लस झाली की पालिकेची माणसं कान असा कापून परत जागेवर सोडतात. बापूने वाकून तो कान दोन बोटांत धरला. कालूने डोळे उघडले नाहीत.

"ह्याचा व्हिसा इथेच आहे. सुहास, एक सांग. तिकडे असा एखादा दिसला का? रस्त्यावर, कुणाचाच नसलेला?"

"छे! एकसुद्धा नाही."

"आणि पाळलेल्यावर कर?"

"आहे नं. दर वर्षी भरायचा. लोक गुपचूप भरतात."

"मग ते कुत्र्यांचं शहर नव्हे रे. कुत्रेवाल्यांचं आहे. कुत्र्यांचं शहर हे. इथे कालू झोपलाय आणि तू पाय वर घेऊन बसलायस."

सुहासला उत्तर सुचेना, तेव्हा त्याने फोन काढला. फोटो दाखवले की माणसं गप्प बसतात असा त्याचा समज आहे. राजवाडे, ट्राम, केक. मग एक पाटी आली, बागेतल्या डब्यावरची.

"हे बघा, यांची घोषणाच आहे. साकर्ल, गाकर्ल. 'माझ्या गाकर्लसाठी एक साकर्ल घ्या.' कुत्रा म्हणतोय असं."

"गाकर?" वहिनी पुढे झुकल्या. "त्या जाड भाजलेल्या रोट्या तर आमच्याकडे सागरला करतात. वांग्याच्या भरताबरोबर. तूप सोडून."

"वहिनी, साकर्ल म्हणजे पिशवी. आणि गाकर्ल म्हणजे... त्याची शी."

वहिनी मागे सरकल्या. या हिवाळ्यात त्यांच्याकडे गाकर-भरीत मागायची कुणाची छाती होणार नाही.

पण बापू पुढचा फोटो बघत होता. त्यात सुहास होता, तोच मफलर, एका हातात एका बुटक्या तपकिरी कुत्र्याचा पट्टा, दुसऱ्या हातात गाठ मारलेली छोटी पिशवी. चेहऱ्यावर सत्काराला उभं राहिल्यासारखं हसू.

"हा कुणाचा कुत्रा?"

"शेजारच्या आजीचा. गुडघे दुखतात तिचे. मी फिरवायचो सकाळ-संध्याकाळ."

"आणि पिशवीत?"

सुहासने फोन ओढायचा प्रयत्न केला. बापूने तो माझ्याकडे दिला, मी मध्याकडे, मध्याने उभं राहून बघितला.

"किती दिवस?"

"सहा आठवडे. अरे, दंड असतो तिकडे."

बापू बराच वेळ काही बोलला नाही. ब्रूनो रोज सकाळी साडेसहाला बापूच्याच फाटकासमोर बसतो, हे कॉलनीत पेपरवाल्यालाही माहीत आहे. पेपरवाला तिथे उडी मारूनच जातो.

"भाषा न समजणाऱ्या म्हातारीच्या कुत्र्याचं सहा आठवडे उचललंस," बापू शेवटी म्हणाला. "मी तुला तुझ्या साखरपुड्याला माझा कोट दिला होता, सुहास."

"तिकडे पिशव्या फुकट मिळतात! कोपऱ्याकोपऱ्यावर डबे आहेत!"

"पोहेवाले भिया," बापूने हाक दिली, "साहब को एक साकर्ल देना."

नेमकी तेव्हाच कचऱ्याची गाडी गाणं वाजवत वळणावर आली. ब्रूनोने मान वर करून त्या गाण्याला सूर लावला. कालू उठला आणि त्यानेही लावला. मध्या इतका हसला की त्याच्या हातातली जलेबी तुटून पडली, वहिनींनी पदर तोंडात घातला, आणि या गडबडीत बापूने बाजूला ठेवलेल्या प्लेटचं काय झालं ते कुणी पाहिलंच नाही. पाहिलं तेव्हा ब्रूनो प्लेटही चाटून मोकळा झाला होता.

"कांदा!" सुहास ओरडला. "त्यात कांदा होता! कुत्र्याला कांदा विष असतो!"

आणि तो निघालाच, पट्टा ओढत, डॉक्टरला फोन लावत. दोनचार फोडीच असतील, असं बापू मागून सांगत होता, आणि आवाज, खरं सांगायचं तर, काळजीचाच होता. संध्याकाळी कळलं की ब्रूनोला काही झालं नाही, सुहासचं बीपी वाढलं.

पोह्यांचे पैसे मीच दिले. मफलर ओटल्यावरच राहिला होता. तो उचलायला मी वळलो तोवर कालूने त्याच्यावर दोन गिरक्या घेतल्या आणि अंगाचं वेटोळं करून बसला. खाच असलेला कान तेवढा वर होता.