फॉरमॅट जुळला म्हणजे नकाशे जुळले असं नाही

"सगळा डेटा जिओजेसनमध्ये आणा, दोन जीआयएस आपोआप जोडल्या जातील, ऑन्टॉलॉजी हे प्राध्यापकांचं खूळ आहे." जीआयएस, म्हणजे संगणकीय नकाशा-प्रणाली, वापरणाऱ्यांमध्ये हा दावा सारखा फिरतो. जिओजेसन हा नकाशाचा डेटा साठवायचा एक फाइल फॉरमॅट; ऑन्टॉलॉजी म्हणजे संकल्पनांचे अर्थ आणि त्यांची नाती संगणकाला कळतील अशी लिहून ठेवणं. मुद्दे एकेक करून घेऊ.

"फॉरमॅट एक झाला की काम झालं." फाइल उघडते, एवढंच. जिओजेसनचं २०१६ चं मानक भूमितीचे प्रकार आणि डब्ल्यूजीएस ८४ ही निर्देशांक पद्धत ठरवून देतं. गुणधर्मांच्या, म्हणजे आकृत्यांना जोडलेल्या माहितीच्या, अर्थाबद्दल चकार शब्द काढत नाही. समजा, दोन प्रणालींतल्या नकाशांच्या थरांत 'जंगल' आहे. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) हिशेबात अर्ध्या हेक्टरहून मोठं क्षेत्र, ५ मीटरवर उंचीची झाडं आणि जमिनीवर फांद्या-पानांचं १० टक्क्यांहून जास्त छत्र हवं. झाडं तोडलेली पण पुन्हा वाढणार असतील, तरी ती जमीन जंगलच. युरोपच्या कोरिन या भू-आच्छादनाच्या नकाशात २५ हेक्टरपेक्षा लहान तुकडा वेगळा दाखवतच नाहीत आणि तोड झालेला पट्टा 'संक्रमणातील झुडपी वन' या निराळ्या वर्गात जातो. आता एकातून दुसरा थर वजा करा. एकही झाड न पडता जंगल 'घटलेलं' दिसेल, आणि सॉफ्टवेअर साधी तक्रारही करणार नाही.

"मग कुठला रकाना कशाशी जुळतो याचा तक्ता पुरे." दोन प्रणालींपुरता, हो. दहा झाल्या की जोड्या ४५ होतात. शिवाय तक्ता फक्त 'हे म्हणजे ते' एवढंच सांगतो. वर्ग बहुधा अर्धवटच एकमेकांवर येतात. उपवर्ग, अटी, परस्परविरोध हे सगळं ओडब्ल्यूएल या ऑन्टॉलॉजी लिहायच्या भाषेत मांडता येतं आणि रीझनरकडून, म्हणजे तर्क लावणाऱ्या सॉफ्टवेअरकडून, तपासूनही घेता येतं. अर्थात 'सेमअॅज' (या दोन गोष्टी एकच) हे नातं सढळ हाताने वापरलं तर ऑन्टॉलॉजीही बुडवते: प्रशासकीय हद्दीतलं शहर आणि प्रत्यक्ष बांधकामाचा विस्तार एकच ठरवलेत, की एकाच शहराला दोन क्षेत्रफळं चिकटतात.

"ऑन्टॉलॉजी म्हणजे सगळ्यांवर एकच व्याख्या लादणं." उलट आहे. प्रत्येकाने आपली व्याख्या ठेवावी, नातं तेवढं उघड लिहावं. जिओस्पार्कलसारखं, भौगोलिक माहिती अर्थासकट मांडायचं आणि तिला प्रश्न विचारायचं मानक २०१२ पासून सामायिक पाया पुरवतंय.

"आता एआय जुळवून देईल." नावांवरून जोड्या सुचवायला ते उत्तम. पण ती २५ हेक्टरची अट रकान्याच्या नावात नसते, मार्गदर्शिकेत असते. ती वाचून जोडी मान्य करणारा विषयातला माणूस लागतोच, आणि त्याने मान्य केलेलं नोंदवायला पुन्हा ऑन्टॉलॉजीच लागते.