पुळ्यापर्यंत सगळे येतात

मुंबईहून मालगुंडला जायचंय, एवढंच मी घरात बोललो. १८६६ साली केशवसुत तिथे जन्मले, त्यांचं घर जपून ठेवलंय, १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते स्मारकाचं उद्घाटन झालं, हे सगळं सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात भावोजी म्हणाले, "म्हणजे गणपतीपुळ्याला ना? मग पेणवरून अजिबात जाऊ नकोस."

कवितेबद्दल आपल्याकडे कुणाला फारसं मत नसतं, रस्त्याबद्दल मात्र तान्ह्या पोरालाही असतं. भावोजींचा मार्ग कराडवरून पाटण आणि मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. कोकणात जायला घाटावरून वळसा! पण त्यांचंही चूक नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. तेव्हा बालवाडीत असलेला त्यांचा मुलगा आता गाडी चालवायला शिकतोय.

काका रेल्वेवाले. "रत्नागिरीला उतरलास की पोचलास." बुकिंग ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं आणि गणपतीच्या दिवसांत ८ वाजून काही मिनिटांनी नुसती वेटिंग लिस्ट उरते, हे काका सांगत नाहीत. स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून रिक्षाने एसटी स्टँड गाठायचा, हेही नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी पक्की सांगितली: बस आरे-वारेमार्गे जाणारी बघ आणि डावीकडची खिडकी धर. धरली. वळण संपलं की खाली एकदम समुद्र, आणि अख्खी बस मोबाइल घेऊन माझ्या मांडीवर.

तर अशा साडेतीनशेएक किलोमीटरांनंतर आम्ही सहकुटुंब पुळ्याला पोचलो. इथून मालगुंड फार तर दोन किलोमीटर, आणि खरा अवघड टप्पा हाच. दर्शन झालं. पुळ्याला डोंगरच गणपती मानतात, त्यामुळे प्रदक्षिणा डोंगराला घालावी लागते, सुमारे एक किलोमीटर. ती सगळ्यांनी हसत घातली. ताईने तर अनवाणी. मोदक झाले, किनारा झाला, उंटावरचा फोटोही झाला. मग मी मालगुंडचं नाव काढलं.

"आता? चालत?" ताई पाय दाबत म्हणाली.

रिक्षावाल्याला "केशवसुतांचं घर" म्हटल्यावर तो क्षणभर थांबला. "स्मारक ना? बसा. पुढं जयगडला कऱ्हाटेश्वर पण दाखवतो." देवाचं नाव ऐकताच मंडळी रिक्षात.

घर कौलारू, जमीन सारवलेली, आणि आत शिरताच गारवा. मी एका कवितेपुढे उभा राहिलो. भावोजी पडवीत टेकले, कमरेवर हात ठेवून आढ्याकडे बघत राहिले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "त्या काळी हे मुंबईला बोटीने जात असणार. जयगडहून."

"छे, रत्नागिरीहून," काका म्हणाले.