गाईडने ‘आज आत नेणार नाही’ म्हटलं म्हणून मी एक स्टार देणार होते

पोस्ट लांब आहे, आधीच सांगते. गोव्याहून येऊन पंधरा दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायलाच बसले.

लेकीचं बरेच दिवस चाललं होतं की गोव्याला बीच वगैरे ठीक आहे पण मला चोडणला कयाकिंग करायचंय. माहीत नसेल त्यांच्यासाठी, रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसलं की थोड्याच वेळात मांडवी ओलांडून आपण चोडण बेटावर, आणि त्या बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. सलीम अली १९८७ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी, १९८८ ला, त्यांच्या नावाने हे अभयारण्य झालं. सगळं मिळून १.७८ चौरस किलोमीटर. म्हणजे सव्वा-दीड किलोमीटर लांब आणि तेवढंच रुंद धरा, बास. आत तिवरं, कांदळ, चिप्पी अशी सगळी खारफुटी आणि तिच्यातून फिरणाऱ्या अरुंद खाड्या.

बुकिंग सकाळी सातचं होतं. आम्ही आठ जण, दीर-जाऊबाई त्यांची मुलं सगळे, मग वाटेत पाव-भाजी आणि बन खायला थांबलो, फेरीला रांग लागली, पोचलो साडेआठ उलटून गेल्यावर. गाईड पन्नाशीचे, बेटावरचेच. कयाक काठावर मांडून बसले होते. पाण्याकडे बघून म्हणाले, “मॅडम, सुकती लागली, म्हणजे ओहोटी. आता आत नेत नाही, नदीच्या कडेने फिरवून आणतो.”

नवरा म्हणाला, अहो पाणी तर समोर दिसतंय की. त्यावर ते म्हणाले, “हे मोठ्या नदीचं. आतल्या खाडीत तासाभराने कयाक चिखलात बसेल. त्यात आज भांग, उधाणाचं पाणी असतं तर गोष्ट वेगळी.” आमच्या दिरांनी आवाज चढवला, पैसे भरलेत, पुण्याहून आलोय, जे काय ठरलंय ते दाखवा. ते शांतपणे म्हणाले उद्या साडेसहाला या, जास्तीचे पैसे नकोत. आम्ही रागातच फेरीत बसलो आणि मी तिथेच मोबाईल काढून एक स्टारचा रिव्ह्यू टाईप केला, नेट नव्हतं म्हणून गेला नाही.

रात्री ‘भांग’ हा शब्द डोक्यात घुमत होता. माझं आजोळ वेंगुर्ल्याकडचं. भांगाची भरती कमी आणि उधाणाची मोठी हे आजीच्या तोंडून शंभर वेळा ऐकलेलं. तिचा हिशोब पण आठवला, तिथीला पाऊणने गुणायचं की भरती पूर्ण कधी होते ते ढोबळ कळतं. कॅलेंडर बघितलं तर त्या दिवशी नवमी. नवापाऊण पावणेसात. म्हणजे आम्ही बन खात बसलो होतो तेव्हा पाणी उतरायला लागलेलं होतं, आणि तो माणूस जे सांगत होता ते माझ्या आजीने मला लहानपणीच सांगून ठेवलं होतं. मला खरंच खूप वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंच गेलो. दशमी, भरती साडेसातची. सातच्या आसपास, जेमतेम उजाडलं होतं, आत शिरलो. आत गेल्यावर दोन्ही बाजूंच्या फांद्या वर एकमेकींना टेकतात, वल्हं आडवं धरायला जागा नाही. गाईडनी फक्त तळहात खाली केला की आम्ही थांबायचं. असंच एकदा थांबलो तर समोर दहा-बारा फुटांवर निळा-पांढरा खंड्या. खाली झेप, आणि वर आला तेव्हा चोचीत छोटा खेकडा. तो त्याने फांदीवर आपटला, एकदा नाही, सात-आठ वेळा, प्रत्येक आपटण्याचा आवाज ऐकू येत होता इतकं शांत होतं. नांगी गळून पाण्यात पडली मग गिळला. लेक श्वास रोखून बसली होती.

मग त्यांनी तिवराचं एक पान उलटं करून दाखवलं आणि चाखायला सांगितलं. मीठ! हे झाड खारं पाणी पितं आणि मीठ पानातून बाहेर टाकतं. कांदळाचं तर बी झाडावरच रुजतं, शेंगेसारखं लांब होऊन लोंबतं आणि पडलं की चिखलात सरळ रुततं नाहीतर भरतीबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे रुजतं.

परतताना पाणी उतरायला लागलं होतं, काठ उघडा पडत होता आणि मला आदल्या दिवशीचं ‘नाही’ तिथे समजलं. चिखलात खिळे ठोकल्यासारखी हजारो मुळं वर आलेली, तिवरं त्यांच्यातूनच श्वास घेतात. मधे निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारतायत, एकच मोठी नांगी असलेले छोटे खेकडे बिळाच्या तोंडाशी ती नांगी हलवत उभे. आमच्या चार कयाक आदल्या दिवशी इथे रुतल्या असत्या तर आम्ही आठ जण काय केलं असतं? उतरून ढकलल्या असत्या, ह्याच मुळांवर, ह्याच बिळांवर पाय देऊन. गाईड आम्हाला वाचवत होतेच पण त्याहून जास्त त्या चिखलाला वाचवत होते. कोळंबीची, शेवट्या माशाची पिल्लं ह्याच मुळांच्या आडोशाला वाढतात, मग ती आपल्या ताटात येतात.

खाडीच्या तोंडाशी आलो आणि नदीतून एक मोटरबोट गेली, स्पीकर फुल्ल, वीसेक माणसं नाचतायत. तिच्या लाटांनी आमची कयाक डुचमळली ते सोडा, काठावरचे सगळे बगळे एका झटक्यात उठले. गाणं आम्हाला बोट पार लांब जाईपर्यंत ऐकू येत होतं. सव्वा-दीड किलोमीटरचं जंगल, त्यात पक्ष्याने लांब जायचं म्हटलं तरी किती लांब जाणार?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, अशा ठिकाणी इंजिन नको, स्पीकर तर नकोच नको, आणि स्थानिक गाईडशिवाय कोणीही आत जाऊ नये, कितीही पोहता येत असलं तरी. मगरी आहेत ह्या पाण्यात हा एक भाग झालाच, पण मुख्य म्हणजे कुठली खाडी कधी बंद होते, कुठल्या झाडावर घरटं आहे, कुठे थांबायचं हे त्या माणसाला माहीत असतं आणि आपण पैसे त्याचेच देतोय, प्लास्टिकच्या होडीचे नाही. तो नाही म्हणाला तर ते सुद्धा त्याचं कामच आहे. आपण मात्र लगेच रेटिंग काढतो. मी नंतर बसून अशा टूर्सचे रिव्ह्यू वाचले, गाईडने जवळ नेलं नाही, फोटोसाठी उतरू दिलं नाही, वेळ झाली म्हणून परत आणलं, ह्याच कारणांसाठी लोकांनी स्टार कापलेत. त्या माणसाचं पुढचं बुकिंग त्या स्टारवर अवलंबून असतं, मग कधीतरी तो कंटाळून म्हणणार, जाऊ दे, नेतो आत. आणि हे आपण करतोय, शिकलेली, निसर्गाची आवड आहे म्हणून मिरवणारी माणसं.

माझा रिव्ह्यू मी पुसला आणि नवीन लिहिला, पहिल्या दिवशी परत पाठवलं आणि बरोबर केलं असं त्यात लिहिलंय. दिरांनाही वाचायला पाठवला, त्यांनी त्यावर काही म्हटलं नाही पण पुढच्या वेळी येतो म्हणाले. लेकीने कॅलेंडर काढून तिथ्या मोजल्यात, द्वादशीला भरती नऊच्या आसपास येते आणि उधाणही जवळ आलेलं असतं म्हणून ती धरली आहे. गाईडना फोन करून विचारलं तर म्हणाले, “चालता. पण नाश्ता करून या.”