समितीवर कोण बसतं, यानं फरक पडतो

आज दुपारी घरच्या ग्रुपवर भाच्यानं एक क्लिप टाकली. संसदेतली. एक ज्येष्ठ सदस्य, केस सगळे पांढरे, उभे राहून विचारतायत की समित्या नेमायला एवढे दिवस का लागले, आणि आता जी नावं आलीत ती कुणी ठरवली. मागून आरडाओरडा. ते थांबतात, चष्मा नीट करतात आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतात. खाली भाच्यानं लिहिलंय, "मावशी, या बुढाले काही कामधंदा से का?" त्यावर सगळ्या घरादाराचे हसरे चेहरे.

त्या सदस्यांचा पक्ष सांगत नाही. सांगितला की खाली फक्त त्यावरच भांडण होईल.

मी हसले नाही. संध्याकाळ झाली तरी राग गेला नाही, म्हणून इथे लिहायला बसले.

माझ्या नोकरीची बरीच वर्षं धडगाव तालुक्यात आश्रमशाळेवर गेली. नंदुरबार तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळं धुळ्याहून चालायचं. एकदा निरोप आला, विधिमंडळाची अनुसूचित जमाती कल्याण समिती येणार. मग काय, भिंतींना चुना, पोरींना नव्या रिबिनी, स्वागतगीताची तालीम. आदल्या रात्री टेम्पोतून गाद्या आल्या. आमच्या नव्हत्या, दुसऱ्या शाळेच्या होत्या. आमच्या पोरी सतरंजीवर झोपायच्या, दोघींत एक चादर. सातपुड्यातली जानेवारीतली थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको.

समिती आली, हारतुरे झाले. बाकीची मंडळी मांडवात जेवायला बसली. एक म्हातारे आमदार मात्र पानावर बसलेच नाहीत. खान्देशातले नव्हते, आमच्याशी त्यांचं मताचंही देणंघेणं नव्हतं. सरळ पोरींच्या खोलीत आले, वाकून एका गादीचा कोपरा उलटला. तिथे शाळेचं नाव रंगवलेलं होतं, दुसऱ्या शाळेचं. मला विचारलं, "बाई, ही गादी इथली आहे का?" दारात मुख्याध्यापक, त्यांच्यामागे आदिवासी प्रकल्प कार्यालयाचे साहेब. मी म्हणाले, नाही. त्यांनी खिशातली वही काढून लिहून घेतलं. पुढे न्हाणीघरापर्यंत गेले. त्याला दार नव्हतं. तेही लिहिलं.

नंतर मुंबईत समितीपुढे सचिवांची साक्ष झाली आणि तिथे आमच्या शाळेचा विषय निघाला, एवढं कानावर आलं. पुढच्या हिवाळ्याआधी गाद्या आल्या. आमच्या शाळेचं नाव असलेल्या. न्हाणीला दारही लागलं.

आता सांगा, समितीच्या यादीत त्या म्हाताऱ्या माणसाच्या जागी मांडवातला आणखी एक जण असता तर?

माझा भाचा पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करतो. लोकलेखा समितीत २२ सदस्य, १५ लोकसभेचे, ७ राज्यसभेचे, मंत्री सदस्य होऊ शकत नाही, हे तो झोपेतही सांगेल. १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देतात आणि पहिले मिनू मसानी, हेही त्याला पाठ आहे. बाळा, ही प्रथा घटनेत लिहिलेली नाही. सरकारच्या खर्चाचा हिशेब तपासणाऱ्यांच्या खुर्चीवर सरकारचाच माणूस नको, असा आग्रह कुणीतरी धरला आणि पुढच्यांनी तो सोडला नाही, म्हणून ती टिकली. क्लिपमधले आजोबा तेच करत होते. तुला ते परीक्षेत एका मार्काला येतं, म्हणून त्यांच्यावर हसायचं?

१९८७ साली बोफोर्स तोफांच्या खरेदीतल्या लाचेच्या आरोपांवर संयुक्त संसदीय समिती झाली तेव्हा भांडण कशावरून झालं? समितीत कोण आणि अध्यक्ष कोण, यावरूनच. विरोधकांनी बहिष्कार घातला, शंकरानंद यांच्या अध्यक्षतेखाली सत्ताधाऱ्यांच्या बहुमताची समिती बसली, १९८८ ला अहवाल आला आणि देशात त्यावर विश्वास ठेवायला फारसं कुणी तयार नव्हतं. आमच्या एदलाबादच्या (आताचं मुक्ताईनगर) प्रतिभाताई पाटील त्या काळात राज्यसभेच्या उपसभापती होत्या, म्हणून आमच्या घरी पेपरातलं राज्यसभेचं कामकाज मोठ्यानं वाचलं जायचं. वडील शेतकरी, चौथी शिकलेले. समितीत माणसं कोणाची, हा प्रश्न त्यांना कळत होता.

हो, मान्य आहे, समितीवर जाणारे काही जण भत्त्यासाठी आणि फिरण्यासाठीच जातात. मांडवातले मी पाहिलेत. वय झालं म्हणजे माणूस शहाणाच असतो, असंही नाही.

पण म्हणूनच नावांवर भांडायला हवं ना! पंगतीत वाढायला कोण उभं आहे, त्यावर शेवटच्या पानात काय पडणार ते ठरतं. सभागृहात कॅमेरा असतो, तिथे सगळेच शूर. समिती बंद दाराआड बसते. तिथे कागद वाचून आलेला माणूस लागतो, अधिकाऱ्यानं गोल गोल उत्तर दिलं तर पुन्हा विचारणारा लागतो. लोकसभेच्या २०२४ च्या निकालानंतर विभागांच्या स्थायी समित्या बनायला सप्टेंबर संपत आला. १५व्या लोकसभेत १०० पैकी ७१ विधेयकं समितीकडे तपासायला गेली होती, १७व्या लोकसभेत १६. त्याबद्दल आपल्या घरच्या ग्रुपवर कुणी एक ओळ टाकली होती का? क्लिप फिरते ती त्यावर विचारणाऱ्या माणसाची, तीही हसायला.

आणि धुळेकरांनो, आपण तरी हसू नये. मे २०२५ विसरलात? विधिमंडळाची अंदाज समिती, म्हणजे सरकारी खर्चाचे अंदाज तपासणारी, आपल्या जिल्ह्यात दौऱ्यावर होती आणि आपल्याच गावच्या शासकीय विश्रामगृहाच्या खोलीतून १ कोटी ८४ लाख रुपये रोख निघाले. समितीच्या अध्यक्षांनी संबंध नाकारला, विशेष तपास पथक नेमलं गेलं. पैसे कुणाचे, ते पुरावे ठरवतील, मी ठरवणार नाही. पण त्या रात्री देवपुरात आमच्या गल्लीत जो तो एकच म्हणत होता, "समित्या अशाच असतात." तेव्हा मला सगळ्यात जास्त चीड याच वाक्याची आली. अशाच नसतात! मी गादी उलटणारा माणूस पाहिलाय. समिती अशीच असते म्हणून आपण पाठ फिरवली की तिच्यावर कोण जातं, हे विचारणारं कुणी उरत नाही, आणि मग खरंच कोणीही जातं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. भाचा वाईट नाही. दिवसभर अभ्यास करतो, रात्री मेसचं गार जेवण जेवतो, फोनवर जे येतं ते पुढे ढकलतो. त्याला त्या खोलीतली थंडी माहीत असायचं कारण नाही. मी त्याला हे कधी सांगितलंही नव्हतं. आज फोन केला, गाद्यांचं सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, त्यांचं नाव काय होतं?" सांगितलं. इथे लिहित नाही, त्यांच्या घरच्यांना विचारलेलं नाही.

क्लिप अजून ग्रुपवर आहे. काढ म्हणाले नाही. पूर्ण बघ म्हणाले, शेवटपर्यंत, आवाज वाढवून.

आता तुम्हा सगळ्यांना एक काम. जळगाव, धुळे, नंदुरबार, जिथले असाल तिथले तुमचे आमदार कोणत्या समितीवर आहेत आणि तिच्या किती बैठकांना गेले, हे शोधून खाली लिहा. खासदारांचंही लिहा. मी माझ्या आमदारांना हेच विचारणारं पत्र लिहून ठेवलंय, उद्या सकाळी पोस्टात टाकते. उत्तर आलं तर जसंच्या तसं इथे टाकीन.