जाड गोळी म्हणजे लांबचा नेम? नाही

‘गोळी जितकी जाड, तितका लांबचा नेम पक्का’ असा मेसेज फिरतोय, त्यात .३०८ विंचेस्टर या जाड गोळीच्या रायफल काडतुसाला ६.५ क्रीडमूर या बारीक गोळीच्या काडतुसापेक्षा सरस ठरवलंय. लांब पल्ल्यावर प्रकार उलटा आहे. वेग घटत सेकंदाला ३४० मीटरच्या, म्हणजे ध्वनीच्या वेगाजवळ आला की गोळी डगमगू शकते. .३०८ ची १६८ ग्रेन (सुमारे ११ ग्रॅम) वजनाची नावाजलेली मॅच, म्हणजे नेमबाजी स्पर्धेची गोळी हजार यार्डांच्या आसपासच तिथे पोचते. कधी कधी निशाणाच्या कागदावर आडवी आदळून चक्क आडवं भोक पाडते! २००७ साली आलेल्या क्रीडमूरची १४० ग्रेनची गोळी बारीक, लांबुडकी. तिला हवा कमी अडवते, वेग टिकतो. दोन मैलांसाठी मात्र .३७५ चेटॅकसारखी मोठी काडतुसं लागतात, हे खरं. पण तिथेही गोळीचा आकार आणि नळीतल्या खाचांचा पीळ आधी बघतात.