गार हवा आणि ताजी हवा: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

वाड्यांच्या वायुवीजनावरील माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. मी वाड्यांचे गोडवे गाताना त्यांतला धूर आणि अंधार विसरतो. आजच्या मुंबईत खिडकी उघडली की धूळ आणि गोंगाटच आत येतो. आणि एसी घरोघरी पोहोचल्यावर हा प्रश्नच निकालात निघेल.

पहिला आक्षेप मला बऱ्याच अंशी मान्य आहे. वाड्याच्या मधल्या उघड्या चौकामुळे सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, हवा खेळत असे हे खरे, पण माजघराला अनेकदा एकही खिडकी नसे, स्वयंपाकघरातला धूर कौलांच्या फटींतून जमेल तसा बाहेर पडे आणि बाळंतिणीची खोली तर दारे लावून, शेगडी पेटवून मुद्दाम कोंडलेली असे. हे लेखात यायला हवे होते.

तिसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही, आणि त्याचे कारण मुंबईच्याच इतिहासात आहे. 1896 साली मांडवीत प्लेग उद्भवला आणि त्यानंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढे आणला: खालच्या खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांत वर काढलेली रेषा समोरच्या इमारतीला अडता कामा नये. सोप्या शब्दांत, समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे हवे. गंमत अशी की प्लेग पसरतो तो उंदरांवरच्या पिसवांमुळे. कोंदट हवेला दोष देणारे निदान चुकलेले होते. पण त्या चुकीच्या निदानातून निघालेला नियम क्षयरोगाच्या बाबतीत बरोबर ठरला, कारण क्षयाचे जंतू हवेतूनच पसरतात.

पुढे हा नियम आपण किती पाळला, ते मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत दिसते. तिथे सात-आठ मजली इमारतींमध्ये जेमतेम 3 मीटरची गल्ली आहे. 24 मीटर उंचीला जुन्या नियमाने 12 मीटर सोडावे लागले असते. भर दुपारी दिवा लावावा लागणाऱ्या तिथल्या खालच्या मजल्यांवर क्षयाचे रुग्ण अधिक आढळल्याचे 2018 मध्ये एका पाहणीने दाखवले. तिथे प्रत्येक घरी एसी बसवला तरी काय होईल? स्प्लिट एसी खोलीतलीच हवा आत ओढतो, थंड करतो आणि पुन्हा खोलीतच सोडतो. बाहेरच्या यंत्राशी त्याचा संबंध तांब्याच्या नळ्यांपुरता असतो. त्या नळ्यांतून गॅस फिरतो, हवा नव्हे.

हे मी घरी तपासून पाहिले. आपण श्वासावाटे सोडलेला कार्बन डायऑक्साइड जितका साचेल, तितकी खोलीतली हवा शिळी. दहा बाय बाराच्या झोपायच्या खोलीत, दारे-खिडक्या बंद आणि एसी चालू असताना, कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या छोट्या यंत्रावर रात्री अकराला 600 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 600 भाग) आसपास आकडा होता. सकाळी सहाला तो 2,300 च्या पुढे गेला. बाहेरच्या हवेत हे प्रमाण साधारण 420 असते, आणि खोलीत ते 1,000 च्या आत असावे, असे माक्स फॉन पेटेनकोफर या जर्मन शास्त्रज्ञाने 1858 मध्येच सुचवले होते. दुसऱ्या रात्री खिडकी दोन बोटे उघडी ठेवून न्हाणीघराचा एक्झॉस्ट पंखा चालू ठेवला, तेव्हा आकडा हजाराच्या आतच राहिला. विजेचे बिल थोडे वाढेल, हे कबूल.

राहिला धुळीचा मुद्दा. तो रास्त आहे आणि रस्त्यालगतच्या घरांना दोन बोटांचा उपाय पुरणार नाही. तिथे बाहेरची हवा गाळून आत घेणारा आणि जाणाऱ्या हवेचा गारवा येणाऱ्या हवेला देणारा व्हेंटिलेटर लागेल. नव्या इमारतीचा नकाशा काढतानाच त्यासाठी भिंतीत भोक आणि छताखाली जागा ठेवली, तर हा खर्च आवाक्यात राहतो. फ्लॅट ताब्यात आल्यावर कोअर कटिंग करायला, म्हणजे यंत्राने भिंतीत गोल भोक पाडायला, सोसायटीची परवानगी मिळवणे किती जिकिरीचे असते, हे आपण जाणताच.