लायसन्स काढून घेतलं, किल्लीचं काय?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवड्यात तीनदा आलेला मेसेज: 'अमेरिकेत दारू पिऊन गाडी चालवताना दुसऱ्यांदा सापडलात की लायसन्स जन्मात परत मिळत नाही. आपल्याकडे दंड भरला की सुटले. इथेही कायमचं रद्द करा, मग बघा.' खाली अंगठ्यांची रांग. संताप कळतो, माहिती चुकीची आहे.

'जन्मात परत मिळत नाही.' अनेक राज्यांत मिळतं. काही काळ पूर्ण बंदी, मग नोकरी, दवाखाना, व्यसनमुक्तीचे उपचार एवढ्यापुरतं मर्यादित लायसन्स. त्यातली एक अट चिवट: गाडीत इंटरलॉक, म्हणजे श्वासातली दारू तपासणारं यंत्र, तेही सहसा स्वतःच्या खर्चाने. नळीत फुंकायचं, दारू सापडली तर इंजिन सुरूच होत नाही. मित्राला फुंकायला लावलं, तर वाटेत यंत्र पुन्हा 'फुंका' म्हणतं. चालती गाडी ते बंद पाडत नाही (मागच्याने येऊन ठोकायला नको), पण नोंद होते. न्यू मेक्सिकोत २००५ पासून पहिल्याच गुन्ह्याला हे यंत्र लागतं. आणि तिकडचा कायदा फार कडक म्हणावा, तर १०० मिलिलिटर रक्तात आपली मर्यादा ३० मिलिग्रॅम, त्यांच्या बहुतेक राज्यांत ८०.

'दंड भरला की सुटले.' मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ वाचा: दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. शिवाय कलम २० नुसार दोषी ठरल्यावर लायसन्स किमान सहा महिने जायलाच हवं. अंमलबजावणीबद्दल बोंब मारायची असेल तर मीही येतो.

'कायमचं रद्द करा.' १९ मे २०२४, पुण्यातलं कल्याणीनगर. अपघातातली पोर्शे चालवल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा. रद्द करायला लायसन्स होतं कुठे? गाडी किल्लीवर सुरू होते, ती कार्ड मागत नाही. कार्ड मागतो नाकाबंदीतला पोलीस, तोही तुमच्या रस्त्याला उभा असला तर.

इंटरलॉकचीही भोकं आहेत. मेव्हण्याची गाडी घेतली की संपलं. यंत्र काढलं की काही जण पुन्हा जुन्या वळणावर जातात, म्हणून उपचारांची जोड लागते. आपल्या कायद्यात असं मधलं लायसन्स नाहीच. आणायचं म्हटलं तरी पुण्यात पहिला प्रश्न स्कूटरचा: त्या हँडलवर नळी बसवणार कुठे?